दुहेरीच्या पदकावर एकच फोटो

आमच्या गावच्या नाक्यावर, रिक्षास्टँडच्या वर, माझा फोटो लागला होता. माणसापेक्षा मोठा. मागे तिरंगा, खाली मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे गोल गोल चेहरे, आणि वर लाल अक्षरांत लिहिलेलं: ‘आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस स्पर्धेत महिला दुहेरीत कांस्यपदक पटकावणाऱ्या आमच्या लाडक्या बाईंचे हार्दिक अभिनंदन!’

मी भाजीची पिशवी घेऊन तिथंच उभी राहिले. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. महिला दुहेरीत. म्हणजे दोघींनी. मग दुसरी कुठं आहे?

जवळ गेले तेव्हा दिसली. पदक घेतल्यावर आम्ही दोघींनी खांद्यावर हात टाकून काढलेला तो फोटो होता. कापणाऱ्यानं तिला कापलं, पण माझ्या डाव्या खांद्यावरची तिची बोटं तशीच राहिली होती. चार बोटं, त्यातल्या एकात अंगठी. पिशवी खाली टेकवून मी त्या बोटांकडे इतका वेळ बघत राहिले की बाजूच्या रिक्षावाल्याला वाटलं मला चक्कर आली.

“बाई, पानी देऊ काय?”

“पाणी नको. हा फ्लेक्स कोणी लावला?”

“मंडळानं. झकास आलाय ना फोटू?”

“ह्यात माझी जोडीदार कुठंय रे?”

त्यानं चावी हातात घेतली. मग दुसरीकडे बघत म्हणाला, “त्ये मला न्हाय म्हाईत, बाई. तुमी मंडळात इचारा.” आणि गिऱ्हाईक नसताना रिक्षा सुरू करून निघून गेला.

त्याला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. मला फक्त त्या क्षणी कळलं की मंडळानं खरंच असं केलं.

माझ्या जोडीदाराला मी आपा म्हणते. ती माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. राहते दिघीला, खाडीच्या पलीकडे. नोकरीत असताना म्हसळ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. मी इकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. अलिबागला सरकारी कर्मचाऱ्यांच्या स्पर्धा व्हायच्या, तिथं आमची गाठ पडली. पहिल्याच सामन्यात तिनं मला धुतलं. मी चिडून बाहेर येऊन बसले तर ही वडापाव घेऊन आली आणि म्हणाली, “तू मारतेस चांगलं, पन उभी ऱ्हातेस म्हशीवानी. पाय हलव ना गो!” तेव्हापासून आम्ही जोडीनं खेळतो. आमची पोरं मोठी झाली, लग्नं झाली, तिचे यजमान गेले, माझे गुडघे कुरकुरायला लागले, पण खेळ सुटला नाही.

टेबल आमच्या गावच्या क्रीडा मंडळाच्या हॉलमध्ये. त्यामुळे यायचं तिला. दिघीहून फेरीबोटीत बसायची, आगरदांड्याला उतरायची, आणि मी स्कूटर घेऊन धक्क्यावर उभी. बॅट पिशवीत, पिशवीत डबाही. पावसाळ्यात खाडी खवळली की फेरी बंद. मग ती फोनवर दहा मिनिटं पावसाला शिव्या द्यायची. निवृत्त झाल्यावर आम्ही जास्तच खेळायला लागलो. गावातल्या लोकांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. मंडळाचे अध्यक्ष तर पाहुणे आले की मुद्दाम हॉलमध्ये आणून आम्हाला दाखवायचे. “बघा, ह्या वयात! आणि दोन धर्माच्या दोघी!” मला तेव्हाही ते आवडायचं नाही. आम्ही काय जत्रेतला खेळ होतो? पण आपा म्हणायची, “दाखवू दे. टेबल तर वापरायला देतात.”

मलेशियात आमच्या वयाच्या बायकापुरुषांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. आम्ही नाव घातलं ते खरं तर विमानात बसायला मिळेल म्हणून. पहिल्या फेरीत हरून चार दिवस फिरायचं, असा साधा बेत. पण आम्ही हरेचनात. गटातून वर आलो. मग उपउपांत्य फेरीत जपानच्या दोघी समोर आल्या. त्यांचे पाय बघूनच माझा धीर सुटला होता, इतक्या त्या हलक्या नाचत होत्या. आपानं चेंडू खालून कापत, चॉप करून करून त्यांना असं जेरीस आणलं की शेवटी त्यांच्यातली एक हसायलाच लागली. तो सामना आम्ही जिंकलो. मी त्या हॉलच्या मधोमध रडले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

उपांत्य फेरीत इंडोनेशियाची जोडी होती. दोघी आमच्याच वयाच्या. त्यांतल्या एकीनं डोक्याला रुमाल घट्ट गुंडाळलेला. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे सगळं ह्या रुमालावरच आलं. खेळताना मला तो दिसलासुद्धा नव्हता. मला दिसत होती तिची सर्व्हिस, जी टप्पा पडल्यावर सापासारखी वळायची.

दोन गेम त्यांनी घेतले, दोन आम्ही. शेवटच्या गेममध्ये नऊ-नऊ. सर्व्हिस त्यांची. मी ती कशीबशी परत केली, सर्व्हिस करणारीच्या जोडीदारणीनं जोरात मारलं, आपा सरसावली आणि चेंडू तिच्या बॅटला न लागता खाली गेला. पंचानं हात आमच्या बाजूनं वर केला. म्हणजे चेंडू टेबलाबाहेर गेला, गुण आमचा. दहा-नऊ. आणखी एक गुण आणि आम्ही अंतिम फेरीत.

मी मूठ वळून ओरडले. आणि बघते तर आपा पंचाकडे बघून बोट हलवते आहे. मग तिनं टेबलाच्या कडेवर ते बोट टेकवलं. चेंडू एजला, म्हणजे कडेला, लागला होता, आणि कडेला लागलेला चेंडू आतच धरतात. पंचाला दिसलं नव्हतं, समोरच्यांना दिसलं नव्हतं, मलाही दिसलं नव्हतं. तिला दिसलं होतं, कारण ती तिथं होती. पंचानं एकदा विचारलं, खात्री आहे का. तिनं मान डोलावली. गुण त्यांना गेला.

मला वाईट वाटलं का? वाटलं, क्षणभर. पण आश्चर्य वाटलं नाही. आमच्या हॉलमध्ये एज लागली की ती नेहमी सांगते, माझ्याविरुद्ध लागली तरी आणि तिच्याविरुद्ध लागली तरी. मी पण सांगते. तसंच खेळतात. तिला वेगळं काही सुचलंच नसतं.

नऊ-दहा झाले. पुन्हा तीच सर्व्हिस, पुन्हा मीच घेणारी. मी ती जाळ्यात मारली. संपला सामना.

हे नीट लक्षात घ्या. शेवटचा चेंडू मी घालवला, आपानं नाही.

त्या रुमालवाल्या बाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी आपाला मिठी मारली. मग मला. त्या आणि त्यांची जोडीदारीण त्यांच्या भाषेत काहीतरी बोलत होत्या, डोळ्यांत पाणी होतं. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोन्ही जोड्यांना कांस्यपदक असतं, ते आम्हाला मिळालं. रात्री आम्ही खोलीत पदकं गळ्यात घालून मॅगी खाल्ली.

परत आलो तोवर क्लिप आमच्या आधी गावात पोचली होती. हॉलमध्ये मुंबईचे कोणी खेळाडू सामन्याचा व्हिडिओ काढत होते. त्यांनी कौतुकानं टाकला असणार. पण आमच्या गावच्या ग्रुपवर आला तो तुकडा. आपाचं बोट, पंचाचा हात, आणि लगेच ती मिठी. मधला, मी जाळ्यात मारलेला चेंडू गायब. मला मारलेली मिठीही गायब. खाली कोणीतरी लिहिलं होतं: ‘जिंकलेला सामना कसा सोडतात, बघा. समोर आपलं माणूस दिसलं की देश कुठला आठवायला!’

त्याखाली हसणारी तोंडं. अंगठे. ‘अगदी बरोबर.’ ‘आम्हाला आधीच माहीत होतं.’ लिहिणाऱ्यांत माझे दोन विद्यार्थी होते. मी त्यांना पाढे शिकवले होते.

मी उत्तर लिहिलं. लांबलचक लिहिलं. नियम समजावला, शेवटचा गुण कोणी घालवला ते लिहिलं. त्यावर कोणी एक शब्द बोललं नाही. थोड्या वेळानं कोणीतरी गणपतीचा फोटो टाकला, आणि सगळे ‘मोरया’ म्हणत पुढे गेले. अशा वेळी माणसाला काय वाटतं ते सांगता येत नाही. भिंतीशी भांडता येतं, भिंत निदान जागची हलत नाही.

आमचे हे जन्मात कोणाशी भांडलेले नाहीत. बोटीचा आणि मासळीचा धंदा, चार लोकांशी गोड बोलल्याशिवाय चालत नाही. ते म्हणाले, “चार दिवस बोलतील, मग इसरतील. तू कशाला तोंडी लागतेस?”

“तुमच्याबद्दल असं बोलले असते तर?”

“माझ्याबद्दल कशाला बोलतील?” ते म्हणाले, आणि बोलता बोलताच थांबले. त्यांना स्वतःलाच कळलं, आपण काय बोललो ते.

आणि मग तो फ्लेक्स.

भाजीची पिशवी तशीच हातात धरून मी अध्यक्षांच्या दुकानात गेले. त्यांचं रंगाचं आणि सिमेंटचं दुकान आहे. मला बघून ते उठून उभे राहिले, खुर्ची पुसली, चहा सांगितला.

“या, या बाई! बघितलात ना? रविवारी सत्कार. आमदारसाहेबांना पण बोलावलंय.”

“आपाचा फोटो का कापलात?”

“बसा तर खरं.”

“बसायला नाही आले. दुहेरीचं पदक आहे. दोघींचं आहे. तिचा फोटो का कापलात?”

त्यांनी आवाज खाली आणला. दुकानातल्या पोऱ्याला चहा आणायला पाठवलं होतंच. “बाई, आमच्या मनात तिच्याबद्दल काही नाही. इतकी वर्षं हॉल दिला की नाही? पण वातावरण तुम्हाला माहीत आहे. लोकांच्या भावना आहेत. आता तिला स्टेजवर बसवलं आणि कोणी काही ओरडलं, तर तिलाच वाईट वाटेल ना? आम्ही तिच्या भल्यासाठीच करतोय.”

हे वाक्य मला अजून सहन होत नाही. तिच्या भल्यासाठी! ज्यानं शिवी दिली त्याचं तोंड धरायचं नाही, आणि जिला शिवी बसली तिला घरात बसवायचं, तेही तिच्या भल्यासाठी. उघड शिव्या देणारा बरा. त्याच्याशी काय बोलायचं ते तरी कळतं.

“तिनं सामना सोडला असं तुम्हाला वाटतं?”

“मला नाही वाटत हो. पण बोट करायची गरज काय होती? पंच आंधळा, त्यात आपला काय दोष? देशासाठी खेळताना एवढं चालतं.”

“म्हणजे चोरून जिंकली असती तर तिचा फोटो लावला असता?”

ते हसले. “बाई, तुम्ही शब्दात पकडता. शिक्षिका ना!”

चहा आला तेव्हा मी बाहेर पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फेरीनं दिघीला गेले. आपा मागच्या पडवीत कोलीम, ती बारीक कोळंबी, वाळायला पसरत होती. मला बघून तिला नवल वाटलं नाही. ओल्या हातानंच तिनं बसायला मोडा पुढे सरकवला.

“बघितलंस?” मी विचारलं.

“सून दाखवत नव्हती. मी तिच्या फोनात बघितलं.”

“मग?”

“मग काय? कोलीम सुकवतेय.”

मी तिला फ्लेक्सचं सांगितलं, दुकानातलं सांगितलं. माझा आवाज चढत गेला. ती शांतपणे हात फिरवत राहिली. शेवटी मी तिच्यावरच चिडले. “तुला राग कसा येत नाही गं? कसलं माणूस आहेस तू?”

तेव्हा तिनं मान वर केली. “येतो ना राग. झोप न्हाय मला तीन रात्री. पन बाई, तू चिडलीस तर लोक म्हनतील, बाईंचा स्वभावच तापट. मी चिडले तर म्हनतील, बघा, खरं रूप भायेर आलं. मला न्हाय परवडत. माझा मुलगा तुमच्या बाजूला कामाला जातो, नातू तिकडच्याच शाळेत हाय. तुझं तू बघ. पन माझ्या नावानं काय करू नकोस.”

एवढ्या वर्षांत मी तिला कधी असं काही मोजून-मापून बोलताना ऐकलं नव्हतं. जिच्या तोंडाला कधी लगाम नव्हता, पावसालाही जी सोडायची नाही, ती आता आपलं प्रत्येक वाक्य कोण ऐकेल ह्याचा विचार करत होती. क्लिपपेक्षा, फ्लेक्सपेक्षा मला ह्याचा जास्त संताप आला. ह्या लोकांनी तिच्याकडून हे काढून घेतलं होतं.

“मी माझ्या नावानं करीन,” मी म्हटलं.

“कर,” ती म्हणाली. “जेवून जा.”

रविवारी मी सत्काराला गेले. घरातल्यांना वाटलं, मी निवळले. नऊवारी नेसले, नथ घातली, आईनं दिलेली पाटली घातली. स्टेजवर खुर्च्या, समोर मंडप भरलेला. आमदारसाहेब आले नाहीत, त्यांच्या जागी दुसरे कोणी आले. ते भाषणात दोनदा बॅडमिंटन म्हणाले. मग माझ्या खांद्यावर शाल टाकली, नारळ दिला आणि माईक हातात दिला.

आवाज मी शाळेतला लावला. मी म्हटलं, “तुम्ही सगळ्यांनी क्लिप बघितलीय. त्या क्लिपमध्ये शेवटचा गुण नाही, कारण तो कोणीतरी कापला. तो गुण मी घालवला. सर्व्हिस मला घेता आली नाही, चेंडू मी जाळ्यात मारला. आपण हरलो ते माझ्यामुळे. मग माझ्यावर कोणी का लिहिलं नाही? त्या बाईंनी मिठी मलाही मारली होती. मी पण सामना सोडला, असं कोणी का म्हटलं नाही?”

अध्यक्ष उठून माझ्या बाजूला आले. “बाई, आनंदाचा प्रसंग आहे...”

“आनंदाचा आहे म्हणूनच बोलते. ही शाल दोघींची आहे. ती इथं नाही, म्हणून मीही घेत नाही. आणि ज्यानं ती क्लिप कापली तो इथंच बसला असेल, तर त्यानं उठून सांगावं की तो आजवर कुठला खेळ खेळला आहे.”

कोणी उठलं नाही. मागून एका कोळणीचा आवाज आला, “बराबर बोलली बाय!” तेवढाच एक. दोन-चार टाळ्या वाजल्या, पण त्या धीर होत नसल्यासारख्या लगेच थांबल्या. मी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि पायऱ्या उतरून चालायला लागले. आमचे हे पहिल्या रांगेत बसले होते. मला वाटलं, ते बसून राहतील. ते उठले, आणि सगळ्या गावादेखत माझ्या मागून चालत आले. दारात चप्पल काढताना म्हणाले, “मासळीला बर्फ मंडळवाल्यांकडनंच उधार मिळतो, त्येचं आता काय खरं न्हाय.” आणि हसले.

लोकांना सांगताना ही गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण त्यानं काही बदललं, असं मला म्हणता येणार नाही. फ्लेक्स पुढच्या सणापर्यंत तसाच राहिला, मग त्यावर दुसरा लागला. क्लिपखाली लिहिणाऱ्यानं माफी मागितली नाही. मंडळात ठरलं की बाईंना मान पचला नाही. महिन्याभरात हॉलचं छप्पर गळतं म्हणून टेबल घडी करून कोपऱ्यात लावलं, त्यावर मंडपाच्या ताडपत्र्या रचल्या. छप्पर अजून दुरुस्त होतंच आहे.

मग आपानंच मार्ग काढला. म्हसळ्याच्या एका उर्दू शाळेत टेबल आहे. तिथल्या मुख्याध्यापिकेच्या दोन्ही बाळंतपणांत ती होती. आता मी खाडी ओलांडते. दिघीला उतरते, ती धक्क्यावर उभी असते, आणि आम्ही एसटीनं म्हसळ्याला जातो. शाळा सुटल्यावर तासभर टेबल आमचं. पहिल्या दिवशी तिथल्या शिपायानं माझ्याकडे असं बघितलं की ‘हिला इथं का आणलंय’ हा त्याचा प्रश्न मला एका क्षणात कळला. आपा त्याला म्हणाली, “ही माझी जोडीदार हाय. पानी आन.” त्यानं आणलं. बस्स, एवढंच लागतं. आमच्या गावात एवढं एक वाक्य बोलायला माणूस मिळाला नाही.

नंतरच्या राज्य स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, सरळ तीन गेममध्ये. त्याची बातमी कुठं आली नाही, क्लिपही आली नाही.

मध्यंतरी आमच्या शेजारच्या मुलीचं लग्न होतं. अध्यक्ष आले होते. सगळ्यांना हात जोडत पंगतीतून फिरत फिरत माझ्यासमोर आले. “काय बाई, अजून रागावलाय?” मोठ्यानं, हसत, चार लोकांना ऐकू जाईल असं.

“हो,” मी म्हटलं.

त्यांना उत्तराची अपेक्षा नव्हती. हात जोडलेलेच ठेवून ते पुढच्या पानाकडे वळले. शेजारची बाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, “एवढं ताणू नये हो. गावात राहायचंय.”

तिला म्हटलं, गावात मलाही राहायचं आहे. आणि भात वाढायला आलेल्याला हाक मारली.